सासऱ्यांच्या बोटीचं वायरिंग

२ एप्रिल, सकाळ

निर्णय झाला. चहाच्या वेळी जाहीरही करून टाकला, म्हणजे आता माघार नाही. २४ तारखेला सासूबाईंना ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी त्यांना सासऱ्यांच्या बोटीतून लाइटहाऊसला वळसा घालून आणायचं. सासरे गेल्यापासून बोट जेटीला नुसती बांधून आहे. इंजिन ठणठणीत आहे. फक्त वायरिंग अर्धं उंदरांनी खाल्लंय आणि अर्धं खाऱ्या हवेने. ते मी स्वतः करणार.

बायको म्हणाली, माझ्या मावसभावाला बोलवू, तो बोटींचंच वायरिंग करतो. मी नुसता हसलो. उभा जन्म वीज कंपनीत काढलेल्या माणसाला हे सांगायचं? मी तक्रार विभागात होतो आणि खांबावर कधी चढलो नाही, हे खरं आहे. पण खांबावर चढणाऱ्यांना मीच पाठवत होतो.

बायकोची अट: चोवीसपर्यंत बोट चालली नाही तर ती मावसभावाला देऊन टाकायची, जेटीवर कुजवायची नाही. हे बोलताना तिने पाठ फिरवली होती. वडिलांची बोट, जीव आहे तिचा. मी ताबडतोब मान्य केलं. न चालण्याचा प्रश्नच येत नाही.

सासूबाई म्हणाल्या, आधी चालू तर होऊ दे. या वयातला हा उत्साह पाहून बरं वाटलं.

३ एप्रिल

पाहणी केली. केबिनमध्ये उभं राहता येत नाही. हे डोक्याला दोनदा कळलं.

पॅनेल उघडलं. सासरे देवमाणूस होते, पण वायरमन नव्हते. लाल वायर संपली तिथे पिवळी जोडली आहे, पिवळी संपली तिथे दारावरच्या बेलची. जोडावर टेप, टेपवर टेप. उंदरांनीसुद्धा काही ठिकाणी अर्धवट सोडून दिलंय.

मी आमच्या ऑफिसची पद्धत लावणार. प्रत्येक बिघाडाला नंबर द्यायचा, एकेक निकाली काढायचा. आमच्या विभागात एकही तक्रार पडून राहिली नाही. ग्राहकाला उत्तर गेलं की तक्रार निकाली. वीज आली की नाही तो वेगळा विभाग.

सासूबाई जेटीवर घडीची खुर्ची टाकून, मांडीवर विणकाम घेऊन बसल्या होत्या. संध्याकाळी निघताना विचारलं, झालं नाही ना अजून? किती ती घाई.

५ एप्रिल

खरेदी. मल्टिमीटर, पकड, कपाळावर बांधायचा दिवा. दिवा लावून आरशात पाहिलं. माणूस वेगळाच दिसतो.

दुकानदार म्हणाला, बोटीला कथिल चढवलेली, बारीक तारांची वायर लागते, साधी लवकर गंजते. विकणारा असंच बोलणार. घराचं वायरिंग केलं तेव्हाची दोन भेंडोळी माळ्यावर आहेत. घर बारा वर्षं उभं आहे, बोट तर एकदाच फिरवून आणायची आहे.

८ एप्रिल

प्रत्यक्ष कामाला सुरुवात. पॅनेलमधली जुनी वायर सगळी उपटून काढली. बायको म्हणत होती, आधी फोटो काढा, वायरींना चिठ्ठ्या लावा. शेकडो ग्राहक क्रमांक पाठ असलेल्या माणसाला चिठ्ठ्या कशाला? पॅनेलमधून नुसती टोकं लोंबत होती. सगळी सारखी दिसतात, पण मला फरक कळतो.

९ एप्रिल

फरक कळत नाही. अर्थात तो काल कळत होता. पाठ धरली आहे. आज सुट्टी.

१२ एप्रिल

भोंग्याचं बटण दाबलं की केबिनमधला दिवा लागतो. दिव्याचं बटण दाबलं की भोंगा वाजतो. विचार केला आणि बटणांवरची नावं बदलली. दोन बिघाड एका फटक्यात निकाली. ऑफिसात असतो तर साहेबांनी सर्वांसमोर नाव घेतलं असतं.

डावा दिवा लागत नाही. चोवीसला आपण उन्हात जाणार आहोत, दिवा हवा कशाला? निकाली.

वायपर. पाऊस नाही. निकाली.

सासूबाईंनी विचारलं, आणि इंजिनचं बटण? म्हटलं, आई, टप्प्याटप्प्याने. म्हणाल्या, हो हो, अगदी सावकाश करा. चांगल्या स्वभावाची बाई.

१४ एप्रिल

आज जे सापडलं ते लिहावं की नाही याचा दुपारभर विचार केला. इथे लिहायला हरकत नाही, वाचणारं कोणी नाही.

बॅटरीपासून एक जाडसर वायर निघते. मुख्य स्विचकडे जातच नाही. त्याला बगल देऊन गुपचूप फळ्यांखाली जाते. म्हणजे स्विच बंद केला तरी तिच्यात वीज चालूच. मीटरच्या आधीच जोड मारून घेतलेली वीज! याला आमच्या कंपनीत एकच शब्द होता, आणि त्याच्यासाठी भरारी पथक होतं. सासरे असे असतील असं वाटलं नव्हतं. स्वतःच्या बोटीत, स्वतःच्याच बॅटरीतून कोणी चोरी कशाला करेल, हाही प्रश्न पडला. पण सवय वाईट असते.

गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये. बायकोला यातलं काही सांगणार नाही. वायर कापली, टोकांना टेप लावली. बोटीच्या तळाशी, फळ्यांखाली तिच्या दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकची एक तरंगणारी डबी लोंबत होती. तीही काढून खणात ठेवली. प्रकरण बाहेर फुटणार नाही.

१५ एप्रिल

मन हलकं वाटतंय. सासऱ्यांचा फोटो पाहिला तेव्हा मात्र नजर चुकवली.

सासूबाई म्हणाल्या, पूर्वी बोटीतून मधूनच घुर्रर्र आवाज यायचा, काल काही आला नाही. म्हटलं, तो आवाज मी बंद केला. म्हणाल्या, बरं.

१७ एप्रिल

मावसभाऊ ‘सहज’ आला. बायकोच्या चेहऱ्यावरून किती सहज ते कळलं. गळ्यात जाड साखळी, हातात दोन फोन, तोंडाचा पट्टा अखंड चालू. कोणत्या मंत्र्याच्या बोटीचं काम कसं वाचवलं ते ऐकवलं. मग पॅनेलमध्ये डोकावून म्हणाला, भावोजी, ही घरातली वायर आहे. मी त्याला जेटीवरून दिसणारी गलबतं दाखवली. तिकडे पाहतच त्याने विचारलं, फळ्यांखालची बॅटरीला थेट जोडलेली ती वायर नीट आहे ना?

म्हणजे याला माहीत होतं! सगळं घर सामील! मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं, त्याची काळजी नको. तोही पुढे काही बोलला नाही. अशा गोष्टी न बोलण्यातच शहाणपण असतं.

केबिनमध्ये पाय ओले होतात. दमट हवा.

१९ एप्रिल, दुपार

इंजिन चालू झालं! चालू झालं!

आधी थोडा धूर आला. काळा नव्हता, राखाडी होता. फ्यूज उडाला. दुसरा लावला, तोही उडाला. मग चॉकलेटच्या चांदीची घडी करून बसवली आणि चावी फिरवली. खोकलं, थरथरलं, आणि लागलं की! जेटीवरचा वॉचमन उठून उभा राहिला. बायको धावत आली. तिने इंजिनच्या झाकणावर हात ठेवला आणि काही वेळ तसाच ठेवला. म्हणाली, अगदी बाबांच्या वेळचाच आवाज. मला एकदम फार बरं वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती माझ्याकडे अशी क्वचितच बघते.

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. आनंद सोसला नसावा.

इंजिन थोड्या वेळाने आपणहून बंद पडलं. चालतं हे सिद्ध झालंय, आता उगाच दमवायचं नाही. मुख्य स्विच बंद केला, कुलूप लावलं. आता थेट चोवीसला.

२० एप्रिल

सासूबाईंचं बीपी वाढलंय. झोपून आहेत. दोनदा विचारलं, चोवीसला वारा असणार का? म्हटलं, आई, काही झालं तरी नेणार. त्यांनी डोळे मिटून घेतले.

२२ एप्रिल

विश्रांती. चोवीसला बोलायचं छोटंसं भाषण तयार केलं. त्यात मावसभावाचाही उल्लेख ठेवलाय. मन मोठं असावं.

वॉचमनचा फोन आला, बोट जरा खाली गेल्यासारखी दिसते. भरती-ओहोटी असते हे त्याला कोणीतरी सांगायला हवं. म्हटलं, नोंद घेतली आहे.

२३ एप्रिल

बोट बुडाली.

पूर्ण नाही. छत वर आहे. त्यावर एक बगळा उभा होता.

बायको जेटीच्या टोकाशी उभी राहून बघत होती. तिने विचारलं, पंप चालला नाही का? मी विचारलं, कुठला पंप? तेव्हा तिने सांगितलं. लाकडी बोट जुनी झाली की फटींतून थोडं थोडं पाणी येतंच. ते साचलं की डबी वर तरंगते आणि पंप आपोआप लागतो. मालक स्विच बंद करून घरी गेला तरी पंप चालायला हवा, म्हणून बाबांनी ती वायर मुद्दाम थेट बॅटरीला जोडली होती. तिने लहानपणी टॉर्च धरला होता.

मी म्हटलं, मला वाटलं चोरी आहे.

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “बाबांनी त्या बोटीत सगळं चुकीचं केलं. तेवढी एक वायर बरोबर होती.”

आणि ती रडली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो तर हाताला ग्रीस होतं. मला लाज वाटली. एका सरळ माणसाला मी आठवडाभर मनातल्या मनात चोर म्हणत होतो. घरी येऊन फोटोसमोर उभा राहिलो आणि माफी मागितली. याला काही नंबर दिलेला नाही.

२४ एप्रिल, संध्याकाळ

सकाळी क्रेन लावून बोट काढली. अट ती अट. मावसभावाने ती ट्रेलरवर घालून नेली. नेताना म्हणाला, भावोजी, दोन महिन्यांत नवी करतो, ताईला चालवायला देतो. बायको हसली. म्हणजे तिच्या दृष्टीने शेवट तसा वाईट झाला नाही.

तेवढ्यावर तो थांबला नाही. मावशीचा वाढदिवस फुकट का जावा, म्हणून दुपारी स्वतःची बोट घेऊन आला. पांढरीशुभ्र, सगळे दिवे लागलेले, भोंग्याच्या बटणाने भोंगा वाजणारी. बायको वर चढली. सासूबाईंना लाइफ जॅकेट घातलं होतं. मी भाषण खिशातच ठेवलं. पुढे होऊन म्हटलं, आई, मला माफ करा. तुमची एवढी इच्छा होती आणि माझ्या हातून झालं नाही.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं आणि मला जरा बाजूला घेतलं. हात बर्फासारखा गार होता. हळू आवाजात म्हणाल्या, “जावईबापू, मला पाण्याची भीती वाटते. लग्नापासून. तुमचे सासरे दर वर्षी म्हणायचे, बोट नीट झाली की तुला फिरवून आणतो. मी म्हणायची, हो. मला ठाऊक होतं, त्यांच्या हातून काही ती होत नाही. मग तुम्ही हातात घेतलीत. मी निश्चिंत होते. ते मेलं इंजिन लागलं त्या दिवशी मात्र झोप उडाली.”

त्या रोज खुर्ची टाकून बसत होत्या त्या माझ्यावर लक्ष ठेवायला. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

तेवढ्यात मावसभावाने इंजिन सुरू केलं. पहिल्या चावीला. सासूबाईंची पकड घट्ट झाली.

“याच्या बोटीचं वायरिंग जरा बघता का?” त्या म्हणाल्या. “निघायच्या आधी. तुमच्या पद्धतीने.”

शेवटी या घरात कोणाला तरी माझ्या कामाची गरज पडली. पकड आणायला मी घरी धावलो.