ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर

सर,

आजची पालकसभा संपली, बाकं पुन्हा ओळीत लावली, फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि घरी येऊन हे लिहायला बसलो. तुम्ही गेलात तेव्हा मी चिकलठाण्याला कंपनीत होतो, लेथवर. बातमी तिसऱ्या दिवशी कळली, त्यामुळं खांदा द्यायलाही मी नव्हतो. त्यानंतर तुम्हाला सांगण्यासारखं बरंच काही घडलं, पण लिहावं असं कधी वाटलं नाही. आज वाटलं, त्याला कारण आहे. ते क्रमानं सांगतो, कारण मधली पायरी गाळलेली तुम्हाला कधीच चालायची नाही.

कंपनी मी सोडली. शहागंजात भांड्यांच्या दुकानावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत, तिथं नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. खाली पातेली वाजतात, वर भूमिती चालते. भिंतीवर माझी तीन प्रमाणपत्रं आहेत, पाणसळ लावून सरळ टांगलेली. दहावी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून, बारावी तशीच, पदवी मुक्त विद्यापीठातून. नवे पालक आले की मी त्यांना आधी ती भिंत दाखवतो आणि सांगतो, माझं मी शिकलो. ते खोटं नाही. तुम्हाला आठवत असेल, नववीनंतर मी शाळा सोडली आणि चार वर्षांनी तुम्ही सायकल मारत जालना रोडनं कंपनीच्या गेटवर आलात, तो फॉर्म घेऊन. मी ताठ्यात म्हणालो होतो, "सर, शिकवायला कुणी नको मला. माझं मी करीन." तुम्ही म्हणालात, "तुझं तूच कर रे. मी फॉर्म तेवढा आणलाय. फोटो दोन लागतील."

एक गोष्ट मी या धंद्यात शिकलो. मुलाला दहावीला बसवायचं तर आधी घर बसवावं लागतं. मुलगा पक्ष, साध्य, सिद्धता बरोबर लिहायला चार महिन्यांत शिकतो, पण बापाला गप्प बसायला वर्ष लागतं. पेपर देऊन आलेल्या पोराला दारातच "किती पडतील?" असं विचारू नका, हे मी दर सभेत सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी विचारतोच. म्हणून मी एक पद्धत सुरू केली. जानेवारीतल्या एका रविवारी आई-वडलांनी मुलांच्या बाकावर बसायचं आणि गणिताचा तासाभराचा पेपर सोडवायचा. मुलं पर्यवेक्षक. पेपर तपासायचा तोही मुलांनीच, लाल पेननं. पहिल्या दहा मिनिटांत पालकांना घाम फुटतो. कुणाची आई पदराआड पेपर धरते, कुणाचे वडील तिसऱ्यांदा पाणी मागतात आणि मुलगा म्हणतो, "पप्पा, पाणी प्यायला नाय, शेजारचं बघायला वळताय तुम्ही." सगळी खोली हसते. त्या रविवारनंतर पुष्कळ घरांतली ओरड खाली येते. हे मी पाहिलंय, म्हणून छातीठोकपणे सांगतो.

पण मला नेमकेपणाची खोड. पेपरच्या माथ्यावर मी एक रकाना ठेवला होता: 'स्वतःला दहावीत गणितात मिळालेले गुण.' तो रकाना कशाला हवा होता, असं आज कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. तेव्हा वाटायचं, तुलना हवी.

या जानेवारीत एका मुलीचे वडील पहिल्यांदाच आले. चिकलठाण्यात राहतात, चितेगावच्या कारखान्यात माल गाडीत भरून घ्यायचं काम करतात, गावाकडं थोडी शेती आहे. मुलगी हुशार. बीजगणित पक्कं, भूमितीत कच्ची, पण विचारायला न लाजणारी. वडलांनी रकान्यात लिहिलं होतं अठ्ठावन्न. खाली सगळा कागद कोरा. तपासणाऱ्या मुलीनं, म्हणजे त्यांच्याच मुलीनं, तो कागद माझ्याकडं न देता हातात धरून ठेवला होता. मी मागून घेतला.

"अठ्ठावन्नवाल्याला मजुरांचं उदाहरणसुद्धा येऊ नये?" मी म्हणालो. "सात मजूर, बारा दिवस. सातवीचं गणित आहे हे."

"विसरलो सर. लई दिवस झाले."

"रीत विसरली आणि गुण तेवढे लक्षात राहिले. हे बरंय."

खोली हसली. दर वर्षी हसते तशीच हसली, आणि मला त्या हसण्याची सवय आहे, सर, मला ते आवडतं. ते उठून उभे राहिले. एवढा धिप्पाड माणूस, बाकातून निघताना गुडघा आपटला त्यांचा. म्हणाले, "दहावी नापास हाय मी, सर. गणितातच गेलो. पोरीला सांगितलं नव्हतं." आणि जिना उतरून गेले. मुलीनं लाल पेनाला टोपण लावलं, पेन टेबलावर ठेवलं आणि त्यांच्या मागं गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आठवडाभर आली नाही. बोर्डाची परीक्षा दीड महिन्यावर आणि तिची वर्तुळाची प्रमेयं अजून व्हायची होती. मी घरी फोन केला. आईनं उचलला. म्हणाली, "सर, हे तर रोज म्हणत्यात जा म्हणून. तीच ऐकंना. म्हणती, जिथं माझ्या पप्पाला हसले तिथं मी नाय बसणार."

मी स्कूटर काढून चिकलठाण्याला गेलो. विमानतळाच्या भिंतीकडच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. विमान गेलं की बोलणं थांबवावं लागतं. वडलांनी मला खुर्चीवर बसवलं, स्वतः पलंगाच्या कडेवर बसले, चहा आला. मीच अवघडून इकडचं तिकडचं बोलत होतो. ते म्हणाले, "सर, पोरगी हाय, तिचं काय मनाला लावून घेता. मला गाडीत किती खोकी बसत्यात ते इचारा, उभ्या उभ्या सांगतो. कागद पुढं आला की डोकं बंद पडतं, तवापासून." मी विचारलं, खोकं केवढं? त्यांनी हातानं दाखवलं, गाडीची लांबी-रुंदी सांगितली, आणि मी मनात गुणाकार पुरा करायच्या आत उत्तर दिलं. बरोबर होतं. मी घरी येऊन कागदावर पडताळून पाहिलं.

हे सगळं चाललं असताना मुलगी दारात उभी होती. मी तिला म्हणालो, उद्यापासून ये, भूमिती राहिली आहे. ती म्हणाली, "तुम्ही पप्पाला चुकलो म्हणा."

वडील म्हणाले, "ए, गप. सर हैत ते."

मी म्हणालो, "अगं, त्याचसाठी तर आलोय ना घरी."

"घरी नाय," ती म्हणाली. "ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर."

परत येताना जालना रोडवर मला तुमचा तो दिवस आठवला. खरं तर तो मी कधी विसरलो नव्हतो, फक्त माझ्या सोयीनं लक्षात ठेवला होता. नववीचा वर्ग, दुपारचा तास. दोन समीकरणांचं उदाहरण तुम्ही घातलं होतं आणि मी ते वर्गातल्या रीतीनं न सोडवता, इथंच शहागंजात रद्दीवाल्याकडून घेतलेल्या एका जुन्या पुस्तकातल्या रीतीनं तीन ओळींत सोडवलं. तुम्ही वही पाहिलीत. "कुणाचं बघितलंस?" मी म्हणालो, कुणाचं नाही. तुम्ही कानाखाली मारलीत. कान दुखला, पण त्याहून जास्त हे झोंबलं की माझं उत्तर बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हजेरी घेतली नाहीत. सरळ माझ्या बाकापाशी येऊन वर्गाकडं तोंड केलंत. "काल मी ह्याला मारलं. ह्याचं उत्तर बरोबर होतं. रीतही बरोबर होती. मला ती माहीत नव्हती. चुकलं माझं." एवढंच. आवाज नेहमीचाच, उद्याचा गृहपाठ सांगावा तसा. मग माझ्या हातात खडू दिलात आणि तुम्ही माझ्या जागेवर, त्या अरुंद बाकावर बसलात. मी फळ्यावर रीत दाखवली. तुम्ही ती वहीत उतरवून घेतलीत.

तुम्हाला ते जमलं, कारण एखादी गोष्ट आपल्याला न येणं तुमच्या अंगवळणी पडलेलं होतं, असं मला आता वाटतं. निजामाच्या राज्यात तुम्ही शिकलात ते सगळं उर्दूत. पोलीस अॅक्शननंतर शाळा मराठी झाल्या आणि त्रिकोण, कर्ण, परिमिती हे शब्द तुम्ही शिकवता शिकवताच शिकलात. आमच्या वेळेपर्यंतसुद्धा घाईत असलात की त्रिकोणाला 'मुसल्लस' म्हणायचात, पोरं खुदखुदायची, आणि तुम्हीही हसून म्हणायचात, "बरं बाबा, त्रिकोण." मी मात्र सगळं एकट्यानं शिकलो. एकट्यानं शिकणाऱ्याची चूक बघायला शेजारी कुणी नसतं, त्यामुळं ती कबूल करायची सवय लागत नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. बहुतेक सबबच आहे.

त्या दिवशी घरी जाऊन मी मायला ऐटीत सांगितलं होतं, "मास्तरला हरवलं आज." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "मोठ्या माणसानं तुझ्यापुढं मान खाली घातली, अन् तू दात काढतोस व्हय?" मला तेव्हा तिचं म्हणणं कळलं नाही. मला वाटलं, हिला गणित येत नाही म्हणून असं म्हणते.

तर परीक्षेआधीची सभा फेब्रुवारीत झाली. ती दोघं आली होती, बाप-लेक, शेवटच्या बाकावर. तिनं दप्तर आणलं होतं, म्हणजे सभा संपल्यावर तासाला बसायची तिची तयारी होती. मी वाक्य पाठ करून आलो होतो. पण आधी हॉल तिकिटाबद्दल बोललो, मग एकाच शाईची दोन पेनं, मग कच्चं काम उजवीकडं आखून करायचं, ते खोडायचं नाही, मग केंद्रावर किती आधी पोचायचं, सिटी बस चुकली तर काय. पाऊण तास. शेवटी म्हणालो, "आणि गेल्या वेळी गमतीगमतीत कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनानं सोडून द्या."

काही पालकांनी माना हलवल्या. मुलीनं दप्तर उचललं. जिन्यातून मला वडलांचा आवाज ऐकू आला, "झालं ना आता? बोलले ना सर." आणि तिचा, "नाय बोलले. तसं मला पण येतं बोलायला."

ती पुन्हा आली नाही. मी वर्तुळाच्या प्रमेयांचे कागद तिच्या मैत्रिणीबरोबर पाठवले. ते तसेच परत आले, घडीसुद्धा न मोडलेले. मार्चमध्ये भूमितीच्या पेपरच्या दिवशी मी तिच्या केंद्रावर गेलो, बाहेर रसवंतीपाशी उभा राहिलो. ती बाहेर आली, वडील तिथंच होते. त्यांनी तिला पाण्याची बाटली दिली आणि काही विचारलं नाही. किती पडतील, कसा गेला, काहीच नाही. मी दर सभेत घसा कोरडा करून जे सांगतो, ते या एका माणसानं सहज केलं होतं.

निकाल लागला. तिला भूमितीत चांगले गुण पडले. माझ्या अंदाजापेक्षा जास्त. तिचं तिनं केलं. वडील पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "सर, तुमच्यामुळं." मी पेढा खाल्ला. फ्लेक्स छापणाऱ्यानं तिचा फोटो मागितला, तो मी दिला नाही. तो मोठेपणा नव्हे, तेवढीच लाज शिल्लक होती.

आणि आज नव्या वर्षाची पहिली सभा. त्यांची धाकटी नववीत गेली आहे, तिचं नाव घालायला ते आले. जानेवारीत हसलेल्यांपैकी पाच-सहा जण खोलीत होते, पुन्हा कुणाकुणाची धाकटी पोरं घेऊन. मी उठलो आणि म्हणालो, "जानेवारीत ह्यांचा पेपर मी सगळ्यांसमोर वाचला आणि ह्यांची थट्टा केली. चुकलं माझं."

सर, कुणाच्या लक्षातच नव्हतं. एक बाई म्हणाल्या, "कशाबद्दल म्हणताय सर?" मग मला सगळं सांगावं लागलं, रकान्यापासून, अठ्ठावन्नपासून, मी नेमकं काय बोललो ते शब्दांसकट. तेव्हा जे हसून विसरले होते, ते या वेळी खाली बघत राहिले. पेपरवरचा तो रकाना काढून टाकलाय, हेही सांगितलं. शेवटी तिचे वडीलच म्हणाले, "बसा सर. पाणी घ्या." आणि धाकटीला म्हणाले, "पुढच्या बाकावर बस, दिसतं तिथनं."

घरी बायकोला सांगितलं, बोललो एकदाचा. ती म्हणाली, बरं झालं. तुम्हालाही इथवर तेच सांगत आलो. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून उरलेलं लिहितो. सभेआधी मी धाकटीला विचारलं होतं, "ताई आली का गं?" ती म्हणाली, "नाय सर, तिचं अॅडमिशनचं काम हाय." तरी मी जिन्यापर्यंत जाऊन खाली वाकून पाहिलं. ती खरंच आलेली नाही, याची खात्री झाली, तेव्हाच मी बोलायला उभा राहिलो.