वाजला म्हणून उचलला

दिग्रस,
१२ मे २००७

तीर्थस्वरूप अनंतदादांस,

कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरचा समजावा; गुडघे आता जमिनीपर्यंत जायला तयार नाहीत.) तुमची साखर कशी आहे? वहिनींनी घरच्या चहातली बंद केल्यावर तुम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात सुरू केली असणार, हे मी इथे बसून सांगते. मी ठणठणीत आहे. रस्ता रुंद करताना कोण्या कंत्राटदाराच्या माणसांनी माझ्या फोनची तार तोडली आणि होळीपासून तो मुका आहे, म्हणून हे पत्र. जिने उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडले, तिच्याच घरात फोनचं मढं पडून आहे. तक्रार केली की साहेब म्हणतात, मॅडम, आता तारेचा जमाना गेला. जमाना गेला असेल. बिल मात्र वेळेवर येतं.

तुम्हा पुणेकरांना भारनियमन म्हणजे पेपरातली बातमी. आमच्याकडे सकाळी गेलेली वीज दुपार उलटल्यावर येते, तीही पाहुण्यासारखी, चपला न काढता. बाहेर बेचाळीस-चव्वेचाळीस डिग्री. म्हणून मी इन्व्हर्टर घेतला. एक पंखा, एक दिवा आणि शांतता, एवढीच माझी अपेक्षा होती. पण गल्लीत दुसऱ्या कोणाकडे इन्व्हर्टर नाही. पहिल्याच दिवशी समोरची तुळसाबाई आली. "मोबाइल मेला जी आमचा, थोडासा लावू द्या." मी लावू दिला. आठवड्याभरात माझ्या जेवणाच्या टेबलावर अख्ख्या गल्लीचे मोबाइल वायरी लावून निजू लागले, सरकारी दवाखान्यात सलाईनवर माणसं असतात तसे. आणि निजून राहिले असते तरी माझी हरकत नव्हती. एकातून आरती वाजते, एकातून तान्हं बाळ हसतं आणि देवीलाल पानठेलेवाल्याच्या मोबाइलमध्ये कुत्रा भुंकतो. (पहिल्या दिवशी मी काठी घेऊन खाटेखाली पाहिलं.)

आता दादा, तुम्ही मला ओळखता. बाबांनी नागपूरच्या मिशनच्या शाळेत घातलं तेव्हा सिस्टर बेनेडिक्टा सांगायच्या, घंटा वाजली की उठायचं, कोणासाठी वाजली ते नंतर पाहायचं. पुढे नोकरीही घंटीचीच मिळाली. समोर फोन वाजतो आहे आणि मी शांतपणे तूर निवडते आहे, हे होणं नाही. मी उचलू लागले. "देवीलाल चार्जिंगला आहेत, चारनंतर करा," असं स्वच्छ सांगू लागले. तेव्हा मला कळलं की माणसं हल्ली बोलतात काय. ट्रंक कॉलच्या काळात माणूस नंबर लावून दोन तास बाकावर बसायचा, त्या दोन तासांत काय बोलायचं ते ठरवायचा आणि मोजकं बोलून जायचा. आता आधी फोन लावतात, मग विचार करतात, बरेचदा तोही करत नाहीत. "कुठं हायेस?" एवढं विचारायला फोन! आणि तो मिस्ड कॉल म्हणजे तर लोकांचं दार वाजवून पळून जाणं. आपण लहानपणी केलं तेव्हा बाबांनी तुम्हाला छडी मारली होती.

तर तुळसाबाईचा नवरा डोमाजी. जिनिंगमध्ये फिटर आहे. कापसाची ही दशा, जिनिंग वर्षातले चार महिने चालतं आणि आठ महिने त्यावर कबुतरं बसतात. मुलगी पायल यवतमाळला नर्सिंग शिकते, शेवटचं वर्ष राहिलं आहे. तिला नेरचं स्थळ आलं. मुलगा राजदीप, बापाचं बी-बियाण्यांचं दुकान. एका दुपारी डोमाजीचा फोन वाजला. मी उचलला. पलीकडे मुलाचा बाप. कोण बोलतं आहे हे न विचारता सुरूच झाला: पोराला मोटरसायकल पाहिजे. पैशाची अडचण असेल तर पोरीच्या शेवटच्या वर्षाची फी भरूच नका. "लगन झाल्यावर तिले काय लोकाईले सुया टोचाच्या हायेत?"

मी सांगितलं की, मोटरसायकल पाहिजे असेल तर शोरूममध्ये जा, तिथे सोबत मुलगी घ्यावी लागत नाही. पोरगी पूर्ण शिकणार. नमस्कार. (आवाज एक्स्चेंजमधला लावला होता. त्या आवाजापुढे यवतमाळचे वकीलसुद्धा गप्प व्हायचे.) मी चूक केली असं मला वाटत नाही, आणि तुम्हाला काय वाटतं ते विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा फोन. या खेपेला मुलगा स्वतः. "मॅडम, काल तुमीच बोलल्या का? लय बरं केलं. मले नाही पाह्यजे गाडी. पन बाबा आयकूनच नाही राह्यले." मग हळूच, "पायल हाये का तिथं?" पायल सुट्टीत घरीच होती. मी हाक मारली. खिडकीशी उभी राहून ती जे बोलली, ते मी सांगणार नाही. तीन मिनिटं झाली तेव्हा "थ्री मिनिट्स ओव्हर" जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. पुढे आठवडाभर रोज दुपारी हे चाललं.

मग स्थळ आणणाऱ्या मध्यस्थाने डोमाजीच्या कानावर घातलं की तुमच्या घरची कोणी बाई लय तोंडाची आहे. डोमाजी दारात उभा.

"ताई, तुमाले कोनं सांगतलं उचलाले?"

"वाजत होता."

"वाजतो तर वाजू द्या नं! थो काय तुमच्यासाठी वाजे?"

चार्जरसकट मोबाइल घेऊन गेला. आता जिनिंगच्या ऑफिसात लावतो आणि मला पाहिलं की पलीकडच्या कडेने जातो. दादा, तो वाईट माणूस नाही. पोरीचं लग्न मोडलं तर, या भीतीने तो वाकला आहे. तुळसाबाई मात्र मागच्या दाराने कैरीचा तक्कू घेऊन आली. म्हणाली, "मीबी थेच म्हनो. पोरी शिकवा म्हननाऱ्या ज्यायचा फोटो घरात लावला, त्यायले तरी इचारा मनाव हे सोभते का!" तिचं म्हणणं असं, की गाडी नको हा एक शब्द नेरहून आला तर डोमाजी दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाऊन फी भरेल. मुदत जूनच्या शेवटापर्यंत आहे.

यंत्रांनी माणसांचं काय केलं ते तुम्हाला कळावं म्हणून सविस्तर लिहिलं. माझ्या घरात ही वस्तू येणार नाही, हे तुम्ही लिहून ठेवा. वहिनींना नमस्कार, अनिमेषला आशीर्वाद.

तुमची आज्ञाधारक (फारशी नाही),
कुंदा

ता. क. : अनिमेष दर दिवाळीला नवीन मोबाइल घेतो म्हणे. जुने काय करतो? एखादा चालू स्थितीतला चार्जरसकट कुरियरने पाठवावा. माझ्यासाठी नाही. राजदीपला बापापुढे उभं राहायचा धीर पायलशी बोलल्यावर येतो आणि संध्याकाळपर्यंत उतरतो. म्हणजे तोही रोज चार्ज करावा लागतो. डोमाजीने मोबाइल नेऊन आठवडा झाला, तेव्हापासून पोरगा बिनचार्जचा आहे.

ता. क. दुसरा : देवीलालच्या ठेल्यावर रुपया टाकून बोलायचा फोनचा डब्बा आहे, पण तिथे पायल बोलली तर आर्णीपर्यंत ऐकू जाईल. मी तिथून फक्त नेरला राजदीपला एकदा फोन करून नंबर कळवला. कोणता, असं विचाराल. सिमकार्ड मी गुरुवारीच घेतलं. तेव्हा उशीर करू नका. पोरगा रोज दुपारी लावत असणार, आणि कार्ड माझ्या मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या वाटीत पडलं आहे.