निळे बाण

१४ जुलै

प्रिय दादा,

ट्रेकिंग कंपनीने दिलेल्या खोलीत तुझं बस्तान बसलं असेल. आईचा खोकला कमी आहे; वहिनीने तिची खाट ओल्या भिंतीपासून हलवली. माझ्या पायावरचे जळवांचे डाग अजून खाजतात.

काल डोंगरावर जाऊन आले. रानात खूण करायची ती वेलीची गाठ मारून, हे तूच शिकवलंस. हंगाम सरला की गाठ कुजते, वाट बुजते. पुढच्या वर्षी नव्याने शोधावी लागते, म्हणजे दरड कुठे सुटली, ओढा कुठे सरकला, हे आपोआप पाहून होतं. आता झाडाझाडावर तू मारलेले निळ्या रंगाचे बाण आहेत आणि ते थेट शेवाळी कड्यावर नेतात. तिथल्या मुळांखालची माती सुटली आहे, पावसाळ्यात कुणालाही वर नेऊ नकोस, असं मी बजावलं होतं. तू हसलास. "बरं बाई मास्तरीण, नाही नेणार!"

रविवारी दवाखान्यात, तुमच्या ट्रेकमध्ये त्या कड्यावरून पडलेल्या मुलीच्या वडिलांनी मला विचारलं, "ती पदवीधर बहीण तुम्हीच ना? तुमचा भाऊ म्हणाला, तिने वाट तपासल्याशिवाय मी एक बाण मारत नाही. म्हणून तर पोरीला पाठवलं."

मी त्यांना विचारलं, "पाणी आणून देऊ का?"

तू शेजारीच होतास. मी तुझ्याकडे पाहिलं, तर तू बुटाची नाडी बांधायला वाकलास. ती सुटलेली नव्हती, दादा.

तू शाळा सोडून लोकांची ओझी डोंगरावर वाहिलीस, म्हणून मी शिकले. ते मी कधी विसरणार नाही. पण माझं नाव सांगण्याआधी विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, हे तुला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच विचारलं नाहीस.

परवा अपघाताच्या चौकशीला मला बोलावलं आहे. वाट मी तपासली नव्हती आणि कड्याबद्दल तुला आधीच सांगितलं होतं, हे मी तिथे बोलणार. मग तुझी नोकरी राहणार नाही, वहिनीही माझ्याशी बोलायची नाही. माझ्याआधी तू स्वतः सांगितलंस, तर मी तुझ्या शेजारी बसेन.

आईला अजून काही कळू दिलेलं नाही.

आजवर तुझ्या हातातल्या दोरावर डोळे मिटून लटकत आलेली,
तुझी धाकटी