वल्लरीचा आवाज लागला

वेलिंग्टन, १२ मे २००६

अहो,
नमस्कार. गोळ्या वेळेवर घेताय ना?

आपली वल्लरी काल गायली! घशाच्या ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

तिची फिलिपिनो मैत्रीण लिगाया हिने नव्या तऱ्हेचा ऑपेरा बसवलाय. स्पॅनिश राज्यात मागे पडलेल्या त्यांच्या देवादिकांच्या गोष्टी, देश सोडून आलेल्यांच्या तोंडून. त्यात बाकुनावा नावाचा नाग चंद्र गिळतो, लोक भांडी बडवतात आणि वल्लरी चंद्राला हाक मारते.

पहिला सूर फाटला. पण पोरीने खालचा सा धरला आणि पुन्हा मोकळी हाक दिली. लिगायाची आई डोळे पुसत मला म्हणाली, "आमच्या गावी चंद्राला अस्संच बोलावायचे."

आता सांगायला हरकत नाही. गाणं बहुधा सुटेल, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून फोनवर मी नुसतं हवापाण्याचंच बोलत होते. रागावू नका. काल घरी येताना बसमध्येही ती गुणगुणत होती.

तुमचीच,
वसुधा