वीतभर लांब बाह्या

तारनाका, हैदराबाद
१४ सप्टेंबर २०२५

लीलाबाईंना,

नमस्कार करते, तो वयाला. बाकी कशाला नाही. इकडे सगळं ठीक. तुमच्याकडेही असेल, नसलं तरी मला थोडंच कळवणार आहात! फोन केला की कट करता, म्हणून लिहायला बसले. माझी चौथीत शाळा सुटली, अक्षर वाकडं आहे. तुम्ही शाळेतल्या बाई, लाल शाई घेऊन बसाल. बसा.

आनंदाची बातमी ही की मी आजी होणार! तुमच्या वृषालीला सातवा लागलाय. बाळ डिसेंबरात. आणि बाळंतपणाला मी जाणार आहे, थेट नॉर्वेला, अगदी वरच्या टोकाला. तिथे डिसेंबरात सूर्यच उगवत नाही म्हणे. पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. पण तिनं माझ्या गौतमशी लग्न केलं म्हणून तुम्ही माझ्या दारात येऊन ‘मला मुलगी नाही’ म्हणालात. तोरण डोक्याला लागत होतं, तरी मान वाकवली नाहीत. शेतकऱ्याच्या घरचं म्हणून पाण्याचा पेलाही परत केलात. सहा वर्षं झाली त्याला. मग आता तो मान माझा. बाळ डोळे उघडेल तेव्हा समोर माझं तोंड असेल. जळा.

तयारी जोरात आहे. गौतमने मित्राच्या हाती कोट पाठवलाय, गादी गुंडाळल्यासारखा. मला घोट्यापर्यंत येतो. बाह्या वीतभर लांब, म्हणून विद्यानगरच्या टेलरकडे कापायला दिल्या. बुटाखाली चढवायला खिळ्यांचे पट्टे आलेत, बर्फावर पाय घसरू नये म्हणून. ते घालून घरात चालले तर खालचे भाडेकरू वर आले. अंधारात गाडीवाल्याला माणूस दिसावं म्हणून कोटाला अडकवायच्या चकचकीत टिकल्या असतात. एक मी भाजीच्या पिशवीला लावली. भाजीवाली म्हणते, “अम्मा, ये क्या जी, शादी है क्या?” आणि ऐका, तिथले लोक तान्ह्या बाळाला गाडीत घालून बाहेर थंडीत झोपवतात! मी वृषालीला म्हटलं, खबरदार.

दुपटी तर ढीगभर शिवली होती, माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची. ती म्हणाली, “आई, सुती नको. ओलं झालं की अंगावर गार पडतं. आतून लोकरच हवी.” मला आई म्हणते ती. वाटल्यास ही ओळ परत वाचा. आमच्या घरात लोकर विणता कुणाला येतेय? व्हिडिओवर तिच्या अंगात एक जांभळा स्वेटर दिसला, कोपराला रफू केलेला. कुणी विणला गं, असं विचारलं, तर फोनच ठेवला तिनं. नंतर गौतम म्हणाला, रोज तोच घालते.

असो. माझे धाकटे भाऊ हिम्मतराव आईस्क्रीमच्या गोदामावर आहेत. आत शून्याच्या खाली वीस. म्हटलं, एकदा रंगीत तालीम करून बघू. ते ओरडले, “आक्का, फ्रीज उघडा राहिला तरी शिंकतेस तू. नक्को गं, कायकू हट्ट!” मी ऐकते का? टेलरकडून कोट दिवसापुरता मागून आणला. कोट, बूट, टोपी, सगळं चढवून आत गेले. पोरं हसत होती. आंब्याच्या आईस्क्रीमच्या डब्यांमध्ये मी राणीसारखी उभी. नाकातले केससुद्धा ताठ झाले. मग थोडा खोकला आला. ते काही विशेष नाही.

तुम्ही सिंगापूरला जाऊन आलात आणि अख्ख्या चिक्कडपल्लीला फोटो दाखवलेत, ते माझ्या कानावर आलंय. म्हणजे पासपोर्ट आहे तुमच्याकडे. गुडघेही चांगले असणार, तिथे पुष्कळ चालावं लागतं म्हणतात.

खोकल्याचं वर लिहिलं ना, ते कमी लिहिलं. दम कोंडला. हिम्मतरावांनी उचलून बाहेर आणलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमा आहे, तिथली हवा तुम्हाला सोसायची नाही, जायचं नाव काढू नका. गौतमला सांगितलं. वृषालीला सांगवत नाही. ती रोज म्हणते, “आई, तुम्ही आलात की मला भीती नाही.” ती पोर अंधारात, परक्या बायकांच्या हातात बाळंत होणार, आणि तुम्ही धडधाकट चिक्कडपल्लीत बसून राहणार! इतका राग मला जन्मात कुणाचा आला नाही. माझी छाती देवानं बिघडवली, तुमची तर शाबूत ठेवली ना?

टेलरनं बाह्यांवर खडूच्या रेघा मारल्या होत्या. मी कोट पुन्हा त्याच्याकडे दिला नाही, तसाच ठेवला. तो कुणाच्या अंगाला बरोबर होईल, ते तुम्हीच ओळखा. गौतम व्हिसासाठी बोलावण्याचा कागद करून बसलाय, नाव तेवढं लिहायचं राहिलंय.

कोट न्यायला या. येताना सुया आणि लोकर आणा, बाळाच्या मापाची टोपी इकडे मिळत नाही. दुपटीही घेऊन जा, वरून गुंडाळायला चालतील. मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करायचा विचारही नाही. पाणी विचारणार नाही. सरळ चहा ठेवीन आणि तुम्ही तो प्याल.

तोरण अजून तेवढंच खाली बांधते. या वेळी मान वाकवा.

तुमच्या नातवंडाची दुसरी आजी,
सुशीला