बंद पंखांचा देवदूत

बाई, आज रविवार, १४ डिसेंबर. दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. नवीन पनवेलमधल्या छंदवर्गाच्या खोलीत मी एकोणीस कागदी देवदूत दोऱ्याने टांगतो आहे आणि माझी चिडचिड होते आहे. तुमच्यावरसुद्धा. तुम्हाला जाऊन सहा वर्षे झाली, त्यामुळे हे कुठे पाठवायचे हा प्रश्नच नाही.

सकाळी मुलांना घड्या घालायला शिकवल्या. पांढरा कागद, बोटभर रुंदीच्या घड्या, मध्ये दोरा आवळायचा, दोन्ही बाजू उघडल्या की पंख. नाताळची सजावट बघायला शनिवारी पालक येणार, म्हणून वर्ग चालवणाऱ्या मॅडमनी बजावले आहे की सगळे एकसारखे दिसले पाहिजेत. मी पट्टी घेऊन फिरत होतो. एकाने विचारले, "सर, देवदूत म्हंजे कोण?" मी म्हणालो, देवाचा दूत. "यमदूत असतो तसा? मग मिशी काढू?" सगळे हसले. मी फळ्यावर ‘देवदूत’ लिहिले आणि दू दीर्घ असतो एवढेच सांगितले. घाबरलो की मी शुद्धलेखनात शिरतो. ही सवय तुमची, तुमच्या मराठीच्या तासाला लागलेली.

बेलपाड्याची एक सात वर्षांची मुलगी येते. तिने पंख उघडलेच नव्हते, गोंद लावून अंगाशी घट्ट चिकटवून टाकले होते. मला वाटले, चुकून चिकटले. न विचारता मी नखाने सोडवायला गेलो आणि एक पंख फाटला. ती रडली नाही. म्हणाली, "तुमी सोडलंत त्याला." शेजारच्या मुलाने मला समजावले, "सर, तिचा आजा वारला ना दिवाळीत. ती म्हणते, यानंच नेला." "आता आजीला पण नेईल," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघतच राहिली.

मला तुमची लाल शाई आठवली. आठवीचा वर्ग, निबंध ‘माझी आई’. आई जाऊन दोन महिने झालेले. मी लिहिले होते, माझी आई पहाटे उठायची, कोळंबी सोलताना गुणगुणायची, तिचा हात हलका होता. तुम्ही टेबलाशी बसला आहात, वही पुढे ओढता, ‘उठायची’ खोडून वर ‘उठते’ लिहिता, ‘होता’चे ‘आहे’ करता. "निबंध वर्तमानकाळात लिहायचा, किती वेळा सांगू? पाच वेळा लिहून आण." मी पाच वेळा लिहिले, माझी आई पहाटे उठते. तुम्हाला माहीत नव्हते का? की माहीत असून विसरलात? साठ वह्या होत्या, कबूल. पण नववीत शाळा सोडली तेव्हाही हे विचारायचे राहिले, आणि आता तुम्ही आयत्या सुटलात. इकडे मी तेच करून बसलो.

मुलीला म्हणालो, "आण, मी चिकटवून देतो." "नको. तुमी नुसता धरा." मी धरला. तिने फाटका पंख परत अंगाशी दाबला, वर दोऱ्याचे सात-आठ वेढे दिले आणि गाठ मारली. माझे बोटही त्यात अडकले होते, ते तिने हळूच सोडवले.

जेवणानंतर मॅडम आल्या. त्यांचे बोट नेमके त्याच्यावरच गेले. "हा काय असा? मेलेल्या झुरळासारखा! काढून टाका, त्याच्या जागी तुम्हीच एक करून लावा." मी "हो मॅडम" म्हणालो. त्या गेल्यावर नवीन एक केलाही, पट्टी लावून, अगदी सरळ. तो टेबलावर पडला आहे. तिचा मी काढलेला नाही, खिडकीशी शेवटचा टांगला आहे. मॅडमना हे सांगण्याची हिंमत मात्र माझ्यात नाही, बाई. शनिवारी पालक असेपर्यंत बहुधा मी त्याच्यासमोरच उभा राहीन, म्हणजे तो कुणाला दिसायचा नाही.