होसेइ मारू शाखा

ओगाहामा,
१२ ऑक्टोबर १९८४

चि. तामिको हिस,
अ. उ. आ.

तुझ्याकडे डोंगरात एव्हाना पानं लाल झाली असतील. इथे बंदरात सान्मा मासे आलेत, गल्लीभर भाजल्याचा धूर आहे. आणि आमच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर आलाय. दोन वर्षं तू तुमच्या ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरचं कौतुक सांगून माझे कान किटवलेस, आता माझी पाळी. दार बंद ठेवून आम्ही सगळ्या पुस्तकांवर काळ्या पट्ट्यांच्या चिठ्ठ्या डकवतोय. बोटांचा डिंक भातालाही लागतो. हसू नकोस.

माझं रडगाणं वेगळंच आहे. देवघेवीच्या टेबलावर पुस्तकांची कार्डं तारखेवार लावायचा माझा ट्रे तू पाहिला आहेस. त्यात अगदी मागे 'समुद्रावर' असा एक कप्पा आहे. ट्यूनाच्या बोटी दहा-दहा महिने परतत नाहीत. खलाशांनी नेलेल्या पुस्तकांची कार्डं मी तिथे टाकते आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत विसरून जाते. यंत्राला असं विसरता येत नाही. त्याला दोन आठवडे तेवढे कळतात. मुदत टळली की ते माणसाच्या घरी तगाद्याचं कार्ड धाडणार आणि त्याला पुढचं पुस्तक नाकारणार. आमचे ग्रंथपाल हाताकेदा साहेब म्हणतात, नियम म्हणजे नियम.

आज होसेइ मारू या ट्यूना-बोटीचा आचारी ओयामादा नेहमीसारखा पुस्तकं न्यायला लाकडी खोकं घेऊन आला. बोट पुढच्या महिन्यात सुटतेय. यंदा जमणार नाही असं मी सांगितलं. तो म्हणाला, असू दे ताई, तुमचाही नाइलाजच, पत्ते आहेत की आमच्याकडे कुटायला. आणि रिकामं खोकं उचलून गेला. मला फार वाईट वाटलं गं. काही सुचलं तर लगेच कळव.

थंडीत गुडघे सांभाळ, आणि या म्हातारीवरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
किनुए


मिनेझावा,
१८ ऑक्टोबर १९८४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

डिंकाच्या भातावर मी पोट धरून हसले. त्याची शिक्षा म्हणून सोबत काकी नावाची आमच्याकडची गोड फळं वाळवून पाठवते आहे. हात धुऊन खा.

आता कामाचं. आमच्याकडून बालवाड्यांना पुस्तकांच्या पेट्या जातात. यंत्रात आम्ही प्रत्येक बालवाडी 'शाखा' म्हणून नोंदवली आहे. शाखेत गेलेल्या पुस्तकाला मुदत नसते, ते ग्रंथालयातच आहे असं यंत्र धरून चालतं. मग तुझी बोटच शाखा करून टाक ना! शाखा जमिनीवर आहे की पाण्यात, याच्याशी त्या यंत्राला काय देणंघेणं? मात्र हाताकेदा साहेबांचा शिक्का लागेल. लहानपणी बाबांकडून हवं ते काढून घेताना करायचीस, तो गरीब चेहरा कर. तुला चांगला जमतो.

काय झालं ते सविस्तर लिही. तुझ्या पत्रांची मला सवय आहे, ती मोडू नकोस.

तुझी,
तामिको


ओगाहामा,
१५ नोव्हेंबर १९८४

चि. तामिको हिस,
अ. उ. आ.

गरीब चेहऱ्याचा काही उपयोग झाला नाही. साहेबांनी सरळ शाखेचा पत्ता विचारला. मी बोटमालकाचं ऑफिस सांगितलं. उघडण्याची वेळ विचारली. गळाचे दोर ओढायचे नसतील तेव्हा, असं सांगितलं. त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात लपवलं. शिक्का मिळाला. अट मात्र सगळ्यांसमोर घातली: पुढच्या सप्टेंबरअखेर पुस्तकमोजणी संपायच्या आत एकूण एक पुस्तक घरी हवं. एक जरी कमी भरलं तरी बोटींना पुस्तकं कायमची बंद.

ओयामादाला शाखाप्रमुख झाल्याचं सांगितलं तर त्याने टोपीच काढली. शाखाप्रमुखाने करायचं काय, असं विचारलं. मी घाईत होते. म्हटलं, पुस्तकं ओली होऊ देऊ नका आणि मागेल त्याला द्या. काल बोट सुटली. निरोपासाठी बोटीवरून धक्क्यापर्यंत धरलेल्या कागदी फिती तुटेपर्यंत मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. आता दहा महिने जिवाला घोर आहे.

असाच जीव लावत राहा.

तुझी,
किनुए


ओगाहामा,
१९ सप्टेंबर १९८५

चि. तामिको हिस,
अ. उ. आ.

होसेइ मारू सुखरूप आली. माणसं धडधाकट आहेत, पुस्तकांना तेवढा तळणीचा वास येतोय. पण एक पुस्तक कमी आहे. सफरचंदाच्या झाडांची छाटणी कशी करावी, ते. जागा भरायला मीच खोक्यात कोंबलं होतं. हिंदी महासागरात टपाल देण्याघेण्यासाठी दुसरी एक बोट शेजारी आली. तिच्यावरच्या निहेइ नावाच्या इंजिनवाल्याकडे वाचायला काही नव्हतं, म्हणून ओयामादाने ते त्याला दिलं. मी चिडले. तर तो म्हणतो, ताई, मागेल त्याला द्या असं तुम्हीच सांगितलं होतंत.

ती बोट कधी परतेल कुणालाच ठाऊक नाही. मोजणी तीस तारखेला संपतेय. हाताकेदा साहेब ओरडले नाहीत, पण शाखा बंद करण्याचा कागद टाइप करून ठेवलाय. आणखी तीन बोटींचे आचारी खोकी घेऊन आले होते, त्यांना मी परत पाठवलं. वाटतं, उगीच तुझं ऐकलं. राग मानू नकोस, तुझ्याशिवाय कुणावर चिडू?

तुझी,
किनुए


मिनेझावा,
२५ सप्टेंबर १९८५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रासोबतचं पुडकं आधी उघड.

काल आमच्या टेबलाशी एक माणूस आला. हात गळ्यात बांधलेला. त्याने पुस्तक पुढे केलं, मी चिठ्ठीच्या पट्ट्या वाचणारं दिव्याचं पेन फिरवलं. यंत्र म्हणे, असं पुस्तकच नाही. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. उघडून पाहिलं तर तुमचा शिक्का! पानं खारट हवेने कडक झालीत, पण एकही फाटलेलं नाही.

निहेइच तो. इंजिनात हात सापडला म्हणून त्याला केपटाउनहून विमानाने घरी धाडलं. त्याचं गाव आमच्या वरच्याच खोऱ्यात आहे. कुठल्याही ग्रंथालयात नेऊन दिलं तरी पोचेल, असं आचाऱ्याने सांगितलं होतं म्हणाला. उशीर झाल्याबद्दल चारचारदा वाकून माफी मागितली. वडिलांची सफरचंदाची बाग पडीक झाली होती. हात निकामी झाल्यामुळे आता बोटीवर कुणी घेणार नाही, म्हणून पुस्तक उशाला ठेवून, डाव्या हाताने तो झाडं छाटत होता. तेवढं होईपर्यंत पुस्तक सोडवेना, म्हणाला. मग हळूच विचारलं, कलमं बांधायचं असलं एखादं मिळेल का? ताई, बावन्न वर्षांच्या त्या माणसाला मी त्याच्या आयुष्यातलं पहिलं वाचक-कार्ड करून दिलं, आणि टेबलाशी बसूनच मला रडू आलं. ग्रंथालयात काम करणाऱ्या आमच्या मुलींनी पाहिलं. पाहू देत.

मोजणी संपायच्या आत पुडकं पोचेल. हाताकेदा साहेबांसमोर पुस्तक ठेव आणि माझं पत्रही वाचून दाखव. मग त्या तीन आचाऱ्यांना खोकी घेऊन बोलाव.

माझ्यावर चिडायचा हक्क तुझाच, तो सोडू नकोस.

तुझी,
तामिको